एका ओळीसाठी बेचाळीस पाने

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर पाचव्या आठवड्यात जो अहवाल आमच्या हाती पडला तो बेचाळीस पानांचा होता आणि त्यातली आमच्या उपयोगाची ओळ एकोणिसाव्या पानावर होती. घरी येऊन नमुना नेणाऱ्या आणि अहवाल मोबाइलवर पाठवणाऱ्या मुंबईतल्या एका खासगी कंपनीची ही 'फार्माकोजीनोमिक' चाचणी, म्हणजे कोणते औषध आपल्या शरीरात कसे वागेल याचा जनुकांवरून अंदाज बांधणारी तपासणी. कंपनीचे नाव मी देत नाही. एका अनुभवावरून कोणाला धारेवर धरणे बरे नाही, आणि मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे कंपनीपेक्षा या चाचणीविषयीच आहे.

आधी, आम्ही ती का केली ते सांगते. बाबा ७१ वर्षांचे आहेत. चालताना छातीत दुखत असे, अँजिओग्राफीत एक मोठा अडथळा दिसला आणि तारीख ठरवून, घाईगडबड न होता, स्टेंट बसवला गेला. घरी येताना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या वर्षभर न चुकता घेण्यास बजावले गेले. या दोन्हींना आपण सरसकट 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतो, पण रक्त त्यांनी पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये एवढेच त्यांचे काम. काही वर्षांपूर्वी माझ्या काकांचा स्टेंट तिसऱ्याच आठवड्यात बंद पडला होता. काका शिस्तीचे होते, गोळी एकही चुकली नव्हती. तेव्हा कारण कोणी शोधले नाही आणि आता ते कळण्याचा मार्गही नाही, परंतु दादाने बंगळुरूहून या चाचणीची लिंक पाठवली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मनात काकाच होते.

क्लोपिडोग्रेलची गंमत अशी की गोळी म्हणून आपण जे गिळतो ते स्वतः काहीच करत नाही. यकृतात तिचे रूपांतर व्हावे लागते, तेव्हा ती कामाला लागते. शोषल्या गेलेल्या औषधातला सुमारे ८५ टक्के भाग शरीरातली दुसरी एन्झाइम वाटेतच निकामी करून टाकतात, आणि उरलेल्या थोड्या भागाला कामाचे रूप देण्यात 'सीवायपी-२सी१९' या एन्झाइमचा वाटा मोठा असतो. (पुढे मी याला नुसते 'दोन-सी-एकोणीस' म्हणेन, घरातही आता तेच नाव पडले आहे.) हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. एक प्रत नादुरुस्त असेल तर रूपांतर कमी होते, दोन्ही असतील तर फारच कमी. नादुरुस्त प्रतींतली सर्वांत जास्त आढळणारी 'स्टार-दोन' या नावाने ओळखली जाते आणि युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आपल्या दक्षिण आशियाई लोकांत ती अधिक सापडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला तो याच कारणाने. म्हणजे प्रश्न काल्पनिक नव्हता आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत तर मुळीच नव्हता.

आता सेवेविषयी. नोंदणी सोपी होती, साडेआठ हजार रुपये आगाऊ भरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरी एक तरुण मुलगा आला. नम्र होता, हातमोजे बदलून काम करत होता, आणि "काका, अर्ध्या तासात चहा वगैरे काही घेतला नाहीत ना?" हे त्याने दोनदा विचारले, कारण नमुना रक्ताचा नव्हता, गालाच्या आतल्या बाजूला काडी फिरवून घ्यायचा होता. बाबांना याचे फार अप्रूप वाटले. सुई नाही म्हणून ते खूश होते. हीच सोय पुढे नडली. दहा दिवस काहीच कळले नाही म्हणून मी फोन केला, तेव्हा समजले की नमुन्यात पुरेसे डीएनए निघालेच नाही आणि तो पुन्हा द्यावा लागेल. हे त्यांच्याकडे तोपर्यंत पाच दिवस नोंदलेले होते, कळवायचे मात्र राहून गेले होते. दुसऱ्या वेळी मी रक्त घ्या म्हणाले, तर तीही सोय त्यांच्याकडे होती, फक्त संकेतस्थळावर कोठे लिहिलेली नव्हती. घरातल्या वयस्कर माणसाचा नमुना द्यायचा असेल तर पहिल्यापासूनच रक्त द्यावे, असे माझे मत झाले आहे.

'बारा कामाचे दिवस' या आश्वासनाचे अशा रीतीने चोवीस दिवस झाले. अन्य एखाद्या तपासणीत मी हे सोडून दिले असते. येथे सोडता येत नाही, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या महिन्यात, आणि बाबांचा पहिला महिना आम्ही उत्तराची वाट पाहण्यात घालवला. ज्या चाचणीचा उपयोगच वेळेवर अवलंबून आहे, ती विकणाऱ्याने नोंदणीच्या वेळी 'रुग्णाला स्टेंट बसवला आहे का, कधी?' हा एक प्रश्न विचारायला हवा होता. त्या अर्जात बाबांची उंची, वजन, आहार शाकाहारी की मांसाहारी, हे सारे विचारले होते. हा प्रश्न नव्हता. सध्या कोणती औषधे चालू आहेत, हेही नव्हते.

माझे काम लेखापरीक्षणाचे असल्यामुळे कोणताही अहवाल मागच्या पानापासून वाचायची मला खोड आहे. पण पहिल्याच पानावर अडखळले: वय १७ वर्षे. आकडे उलटे टंकले गेले होते एवढेच, आणि जनुके वयाप्रमाणे बदलत नाहीत हेही खरे, पण वय चुकते तेथे नमुन्याची अदलाबदल झाली नसेल कशावरून? सुदैवाने दुसऱ्या वेळी त्या मुलाने दिलेली बारकोडची चिठ्ठी मी बाबांच्या फाइलीत चिकटवून ठेवली होती आणि अहवालावरचा क्रमांक तिच्याशी जुळला. ती चिठ्ठी कृपया कोणी टाकून देऊ नये.

मागच्या पानांवर बारीक अक्षरांत जे होते ते पुढच्या रंगीत पानांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटले. तेथे प्रत्येक जनुकातली नेमकी कोणती बदललेली रूपे तपासली याची यादी होती. या शास्त्रात निर्दोष प्रतीला 'स्टार-एक' म्हणतात. पण अहवालात 'स्टार-एक' लिहिले म्हणजे ती प्रत खात्रीने निर्दोष असे नसते. 'आम्ही जे दोष शोधले त्यातला एकही सापडला नाही', एवढाच त्याचा अर्थ. 'दोन-डी-सहा' या जनुकाबाबत तर चक्क लिहिले होते की त्याच्या प्रती किती आहेत हे मोजलेले नाही. आता या जनुकाच्या काही माणसांत दोनपेक्षा जास्त प्रती असतात आणि अशांच्या शरीरात कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फिन भराभर होते. लहान मुलांत यातून मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेत २०१३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध चौकटीतला इशारा आला. प्रती मोजल्याच नाहीत तर हा धोका दिसणार कसा? तरीही पुढे कोडीनसमोर हिरवा ठिपका होता. तळटीप एक सांगते आणि ताळेबंद दुसरेच, हा प्रकार माझ्या कामात नवा नाही.

रंगांविषयी थोडे आणखी. एकशे चाळीस औषधे, प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. एकशे चाळीस या आकड्याचा जाहिरातीत मोठा डंका होता. प्रत्यक्षात बाबा त्यांतली चार घेतात आणि निर्णय फक्त एकाबद्दल घ्यायचा होता. यादी मुंबईतल्या औषधाच्या दुकानाकडे पाहून केलेली नाही हेही जाणवले. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन होते, पण आपल्याकडे त्याच कामासाठी सर्रास लिहिले जाणारे अ‍ॅसेनोकूमारॉल नव्हते, जरी दोघांवर परिणाम करणारी मुख्य जनुके तीच आहेत. नैराश्यावरची औषधे ओळीने मांडून त्यांतले 'तुम्हाला चालेल' असे दाखवणारे रंगीत पान होते. अशा दाव्यांपासून सावध राहा, चाचणीवरून परस्पर औषध बदलू नका, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच सांगितले आहे.

आणि मला सर्वांत खटकलेली उणीव: जी-सिक्स-पीडी नव्हते. या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाला प्रायमाक्वीन दिले तर तांबड्या पेशी फुटतात, हे १९५६ मध्ये समजले आणि 'फार्माकोजेनेटिक्स' हा शब्द त्यानंतर तीन वर्षांनी, १९५९ मध्ये फ्रीडरिख फोगेल यांनी वापरात आणला. म्हणजे या शाखेच्या अगदी पहिल्या धड्यांपैकी हा एक. मुंबईत तर तो दर पावसाळ्यात उपयोगाचा आहे, कारण व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस द्यायची गोळी प्रायमाक्वीनचीच असते, आणि आपल्या शहरातल्या पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातच रक्ताच्या अशा विकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. जी-सिक्स-पीडीसाठी जनुक वाचावेही लागत नाही, एन्झाइमची साधी रक्ततपासणी पुरते. साडेआठ हजारांच्या चाचणीत ते नाही, आणि ते नाही असे सांगितलेलेही नाही.

एकोणिसावे पान. क्लोपिडोग्रेल, पिवळा ठिपका, दोन-सी-एकोणीस: स्टार-एक, स्टार-दोन, रूपांतर मध्यम, दुसऱ्या औषधाचा विचार करावा. एवढेच. मी ते बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अर्धी गोळी वायाच जाते म्हणायची." तसे नाही हे समजावायला मला अर्धा तास लागला आणि ते मला स्वतःला तरी नीट कळले आहे का, याचीही परीक्षा झाली.

शुल्कात समुपदेशकाशी वीस मिनिटांचे बोलणे समाविष्ट होते. ते अकरा मिनिटेच झाले, हिंदी आणि इंग्रजीत झाले, मराठीत बोलणारे कोणी उपलब्ध नव्हते. ही तक्रार नोंदवून मी लगेच हेही लिहिते की सगळ्या सेवेत ती अकरा मिनिटेच सर्वांत मोलाची होती. फोनवरच्या बाईंनी अहवाल वाचून दाखवला नाही. त्या म्हणाल्या, काका सध्या जे जे घेतात त्याचे एकेक पाकीट हातात घ्या आणि त्यावरचे नाव मला वाचून सांगा. मी डबा उघडला. अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, आणि मग एक अर्धे रिकामे झालेले पाकीट: ओमेप्राझोल. डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल लिहिले होते. बाबांनी ते आणलेच नव्हते, कारण घरात ओमेप्राझोलच्या जुन्या कॅप्सूल पडून होत्या, दोन्ही पित्ताच्याच, आणि चांगल्या गोळ्या वाया घालवणे त्यांच्या पिढीला जमत नाही.

ओमेप्राझोल हे दोन-सी-एकोणीसलाच अडवते. क्लोपिडोग्रेलबरोबर ते टाळावे असे माहितीपत्रकातच लिहिलेले असते. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी असतो. म्हणजे जन्मतः एक प्रत नादुरुस्त, आणि दुसरीच्या कामात आम्ही रोज सकाळी रिकाम्या पोटी खोडा घालत होतो. अहवालात हे कोठे होते? सव्विसाव्या पानावर ओमेप्राझोलसमोर हिरवा ठिपका होता: 'नेहमीप्रमाणे द्यावे'. जनुकापुरते ते बरोबरच होते. पान एकोणीस आणि पान सव्वीस यांची मात्र एकमेकांशी ओळख नव्हती, कारण दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जातात हे त्या छापणाऱ्या यंत्राला कोणी सांगितलेलेच नव्हते. वैयक्तिक उपचार म्हणून जे विकले जाते त्यातला 'व्यक्ती' हा भाग त्या बाईंनी केला. औषधाची यादी मागून, अगदी जुन्या पद्धतीने.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी बेचाळीस पानांचा गठ्ठा पाहून सुस्कारा सोडला, तो मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडला असता. थेट "दोन-सी-एकोणीसचं पान कुठलं?" असे विचारून त्यांनी तेवढेच वाचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक स्टेंटवाल्याची ही चाचणी करावी असे हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूत्रांत नाही. २०२० मध्ये 'टेलर-पीसीआय' या नावाने पाच हजारांवर रुग्णांत अभ्यास झाला. त्यातल्या नादुरुस्त प्रत असलेल्या रुग्णांपुरते पाहिले तर जनुक पाहून औषध ठरवलेल्या गटात वर्षभरातले झटके वगैरे ४ टक्के होते, न पाहता दिलेल्यांत ५.९ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यासाठी उतरला नाही. आणि जो होता तो पहिल्या तीन महिन्यांत जास्त. उलट, सगळ्यांनाच सरसकट तीव्र औषध द्यावे तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. जनुक पाहिल्याचा एक फायदा तिकडेही आहे: नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात, ज्यांच्या दोन्ही प्रती ठीक होत्या त्यांना निर्धास्तपणे क्लोपिडोग्रेलवर आणल्यामुळे रक्तस्राव कमी झाले होते.

"काका, तुमच्या भावाचा इतिहास पाहता मी गोळी बदलतो," असे ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी टिकाग्रेलॉर लिहून दिले, ज्याला यकृतात रूपांतर होण्याची वाट पाहावी लागत नाही. ते महाग आहे आणि दिवसातून दोनदा घ्यावे लागते. पहिले आठ दिवस बाबांना जिना चढताना श्वास अपुरा पडल्यासारखे वाटे. या औषधाचा तो ओळखीचा परिणाम आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. आता ते थांबले आहे. ओमेप्राझोलच्या उरलेल्या कॅप्सूल आईने त्याच दिवशी डब्यातून काढल्या. "बदलायचीच होती तर आधी का नाही?" हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तारीख ठरवून केलेली अँजिओप्लास्टी होती, आधी तीन आठवडे होते. काकांच्या भावाचं तेव्हा बोलला असतात तर तेव्हाच रक्त पाठवलं असतं." यात चूक त्यांची आणि आमची, दोघांची आहे, त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

तेव्हा घ्यावी का ही चाचणी? सगळी औषधे, सगळी जनुके, 'आयुष्यभर उपयोगी' या नावाने विकली जाते ती मी पुन्हा घेणार नाही. समोर एक विशिष्ट औषध असेल, ते अजून सुरू व्हायचे असेल आणि चुकल्यास नुकसान मोठे असेल, तर तेवढेच जनुक जरूर तपासावे. फिट येणाऱ्यांना किंवा चेहऱ्याच्या शिरेच्या दुखण्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन काही माणसांत अंगावरची कातडी सोलून काढणारी भयंकर प्रतिक्रिया घडवते आणि तिचा 'एचएलए-बी' जनुकाच्या एका रूपाशी असलेला संबंध तैवानमध्ये २००४ मध्ये दाखवला गेला. कॅपेसिटाबिनसारखे कर्करोगावरचे औषध सुरू करण्याआधी 'डीपीवायडी' हे जनुक पाहावे असे युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये सांगितले. या दोन्ही ठिकाणी उत्तर पहिल्या गोळीच्या आधीच हवे. आमच्या बेचाळीस पानांत एचएलए-बी नव्हते.

एक बाब राहिली. संमतीपत्रात 'नाव वगळून माहिती संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही' या वाक्यापुढची खूण आधीच केलेली होती. मी ती काढली, आणि कंपनीने ते विनातक्रार मान्य केले. भारतीयांची जनुकीय माहिती संशोधनाला मिळावी असेच मला वाटते, पण होकार माझ्या हाताने दिलेला असावा. बाबांना विम्याची काळजी होती. जनुकीय विकाराचे कारण देऊन सरसकट विमा नाकारता येणार नाही असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे, हे त्यांना सांगितल्यावर ते निवांत झाले.

वय दुरुस्त केलेला अहवाल सहाव्या दिवशी आला. पाचपैकी मी अडीच देईन. त्यातले दीड त्या अकरा मिनिटांचे.

काकांच्या मुलाची अँजिओप्लास्टी येत्या महिन्यात ठरली आहे, तो डोंबिवलीला असतो. त्याला मी फक्त दोन-सी-एकोणीस करून घे, रक्तावर करून घे आणि ज्या रुग्णालयात जाणार आहेस त्यांच्याच प्रयोगशाळेत चौकशी कर, असे सांगितले. आम्ही भरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात ते झाले. मंगळवारी नमुना दिला, शुक्रवारी संध्याकाळी अहवाल आला. दीड पानाचा होता.